माझ्या ओकाऱ्यांची चौकशी

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. त्या बहुतेक बायकांना होतात. सकाळी परसात जायचं, चूळ भरायची, चिंच तोंडात धरायची आणि पुन्हा चुलीपुढे येऊन बसायचं. घरात त्याची कुणी दखलही घेत नाही. माझं तसं नव्हतं. आधी भाकर राहीना, मग पेज राहीना, आणि पुढे पुढे पाण्याचा घोटही पोटात टिकेना. बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकू लागल्या. उठून उभं राहिलं की भिंत जवळ यायची. मी बाळंतपणापर्यंत पोचते की नाही, असा प्रश्न घरात सगळ्यांनाच पडला होता. तो फक्त मला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारला जायचा, आणि माजघरात पडल्या पडल्या मला सगळं ऐकू यायचं.

माझं सासर घाटावर, बुलढाण्याहून चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. सासरे, म्हणजे मामंजी, मोठे जमीनदार आणि तालुक्याच्या बेंचावर ऑनररी मॅजिस्ट्रेट. त्यांच्यापुढे येणारे खटले म्हणजे दिव्यावाचून चालवलेली सायकल, किंवा दुसऱ्याच्या तुरीत घुसलेली म्हैस. पण बेंचाला जाताना कोट आणि फेटा असा असे, की म्हशीलाही आपण मोठा गुन्हा केल्यासारखं वाटावं. सरकार आपल्याला रावसाहेब करील अशी त्यांना आशा होती. नव्या वर्षाच्या पदव्या पेपरात आल्या की दोन दिवस आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

माझ्या ओकाऱ्यांचा तपास मामंजींनी स्वतःकडे घेतला. "कार्याला कारण असलंच पाहिजे," ते म्हणाले, आणि ओसरीवर गादी घालून बसले. आत दारामागे राख घातलेलं घमेलं उशाशी घेऊन मी.

पहिली साक्ष सासूबाईंची.

"हं, तुमचं म्हणणं काय?"

"माह्यं काय म्हननं? मले नऊ झाले. एकदा तरी ओकली का म्या? सांगा तुमीच."

"मला विचारू नका. मी इथे साक्षीदार नाही."

"मंग कोनाले ईचारू? नऊच्या नऊ वख्ती तुमीच त होते घरात."

ही साक्ष तिथेच थांबवण्यात आली. त्यानंतर एक चुलत सासू आल्या. लेकराला जावळ दाट असणार, ते आतून टोचतं, म्हणून पोट ढवळतं, असं त्यांनी छातीठोक सांगितलं. मग जोशीबुवा. सूनबाईंनी ग्रहणात विळी हाती धरली होती का, हा त्यांचा सवाल.

"गिरान लागलं तवा ते माहेरी होती," सासूबाई आतून म्हणाल्या.

"मग माहेरी धरली असेल."

जोशीबुवांचं हे उत्तर मामंजींना फार आवडलं. माहेरी झालेल्या गोष्टीला सासर जबाबदार नसतं.

शेवटी शेतीचा हिशेब पाहणारे कारभारी. त्यांचं मत असं, की सूनबाई वाचतात फार. छापील अक्षर नजरेवाटे पोटात उतरतं आणि पित्त खवळतं. माझे धाकटे दीर तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलेले. ते म्हणाले, "बाबा, तुमी त रोज पेपर वाचता पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. तुमाले काऊन नाही खवळत?"

"तू ऊठ इथून," मामंजी म्हणाले.

निकाल संध्याकाळी लागला. दोष पाण्याचा. माझं माहेर घाटाखाली, वडनेर भोलजीकडचं. तिकडच्या विहिरींचं पाणी मचूळ, जिभेवर खारट चव ठेवणारं. आमच्या घाटावरचं गोड. जन्मभर खारं पाणी प्यायलेल्या पोटाला हे गोड पाणी मानवत नाही, असं मामंजींनी ठरवलं. हे गोड पाणी ज्या विहिरीचं, ती त्यांच्या वडिलांनी खोदलेली. ती घराच्या कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला आहे, आणि वाटसरूंसाठी धर्मार्थ बांधली असं तिच्या दगडावर कोरलेलं आहे. पाण्यापेक्षा त्या दगडावर मामंजींचं प्रेम जास्त होतं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी तो दगड वाचावा लागे, मग पाणी मिळे.

या सगळ्या तपासात आरोपीचा जबाब तेवढा कुणी घेतला नाही. घेतला असता तर मला दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. एक अशी, की लग्नाची मोटार राजूर घाट चढत होती तेव्हाच मी पहिल्यांदा या घराण्यात ओकले होते, आणि ते मामंजींच्या जरीकाठी उपरण्यावर. वाहनात मला लहानपणापासून मळमळतं. दुसरी गोष्ट माझ्या आईची. मी घरात थोरली. पाठच्या भावाच्या वेळी आणि त्याच्या पाठच्या बहिणीच्या वेळी आई अशीच राखेचं घमेलं उशाशी घेऊन पडलेली मी पाहिली होती. मला वाटायचं, भावंडं अशीच येतात. आधी आई वाळते, मग पाळणा टांगतात. ते काही वेगळं आहे, कुणाला सांगण्यासारखं आहे, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

लग्न ठरताना मात्र माझ्या घराण्याची चौकशी उन्हाळाभर चालली होती. हाड, म्हणजे कूळ, कसं आहे, कुणाला कोड आहे का, कुणाला क्षय, कुणी वेडा होऊन घर सोडून गेला का. माझ्या आजोबांचे आजोबा कोणत्या गावाहून आले आणि का आले, हेसुद्धा मामंजींनी माणूस पाठवून काढलं. सगळे पुरुष तपासून झाले. माझ्या आईच्या आईचं नाव आजतागायत आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही.

पाण्याचा निकाल लागला तरी ओकाऱ्या थांबल्या नाहीत. मग बुलढाण्याहून डॉक्टर आणले. खासगी दवाखाना होता त्यांचा. डोक्यावर साहेबी टोपी, आणि ती उतरवून कुणाच्या हातात द्यायची हे ठरवायला त्यांना थोडा वेळ लागे. माजघराच्या दारात धोतर बांधून पडदा केला. पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे डॉक्टर, आणि त्यांच्या शेजारी माझ्या वतीनं उत्तरं द्यायला मामंजी.

"पहिलीच खेप?"

"पहिलीच. आमच्याकडे पहिल्या खेपेला मुलगा होतो."

"पहिल्या खेपेला त्रास जास्त असू शकतो. मोटारीत मळमळतं का यांना?"

मामंजींनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "तो विषय तुम्ही काढला नसता तर बरं झालं असतं."

"अर्धशिशी आहे?"

"बायकांचं डोकं दुखतंच."

मी पडद्यामागे जोरजोरात मान डोलावली. पडदा काही हलला नाही.

"घराण्यात जुळी?"

"अजून नाहीत." मामंजींचा आवाज एकदम उजळला. "का? होतील का?"

"जुळं असलं तर ओकाऱ्या जास्त होतात, म्हणून विचारलं."

यानंतर मामंजींनी गावात दोन नातवांची बातमी पसरवली, ती वेगळी. डॉक्टर पुढे म्हणाले, "आता महत्त्वाचं. हा त्रास पुष्कळदा आईकडून लेकीला येतो. आईला, मावशीला, बहिणीला, कुणाला असं झालं होतं?"

"आमच्या घराण्यात कुणालाच नाही," मामंजी म्हणाले. "आमच्या मातोश्रींना अकरा झाली. आमच्या घरातून नऊ. ओकारीचं नाव नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. मामंजी खोटं बोलत होते असं नाही. आमच्याकडे मांडवात मुलीचं गोत्र बदलतं, आडनाव बदलतं, बहुतेक वेळा पहिलं नावही बदलतं. नाव, गोत्र सगळं पुसून मुलगी नव्या घराण्यात लिहिली गेली, की तिची आई कोण, हा प्रश्न उरतच नाही. मामंजींच्या हिशेबी मी त्यांच्या मातोश्रींची नात होते. मी बोलायचा प्रयत्न केला. सासऱ्यांपुढे सुनेनं आवाज काढायची रीत नव्हती, ती मी त्या दिवशी मोडायला तयार होते. पण तोंड उघडलं ते घमेल्यासाठीच.

"मग मनाचा भाग दिसतो," डॉक्टर म्हणाले. "नाजूक स्वभाव." आणि नाडी पाहायला त्यांनी पडद्याखालून हात मागितला. माझं मनगट हाती घेतल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. त्यांनी पडदा बाजूला केला, माझी जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. मांडीत सुईनं मिठाचं पाणी चढवलं आणि बाहेर जाऊन म्हणाले, "पुढच्या बाजाराच्या दिवशी परत येतो. तोवर पोटात काही राहिलं तर ठीक. नाही राहिलं तर पोट मोकळं करावं लागेल. नाहीतर मूल जाईल आणि बाईही जाईल."

मामंजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग मामंजी म्हणाले, "जुळं असलं तर?"

"तर तीन जातील," डॉक्टर म्हणाले, आणि टोपी मागितली.

माझे यजमान वडिलांपुढे कधी बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत. डॉक्टरांची मोटार गेल्यावर आत येऊन माझ्या उशाशी बसले आणि घमेल्याकडे पाहत राहिले.

"मायले आना," मी म्हटलं. "तिले असंच झालं होतं. तिले सांगू द्या."

ते उठले, पायात वहाणा घातल्या आणि रस्त्यावर जाऊन मोटारीची वाट पाहत उभे राहिले. कुठे चालला, असं मामंजींनी ओसरीवरून विचारलं. "बुलढाण्याले, औषध आनतो," ते म्हणाले. बुलढाण्याहून ते मलकापूरला गेले, आणि तिथून वडनेरला.

आई आली ती दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर. घाटात तीही ओकली होती. मोटारवाल्यानं तिला दोनदा उतरवलं, असं यजमान नंतर म्हणाले. चेहरा माझ्यासारखाच पिवळा. एका हातात फडक्यात बांधलेली भाकर आणि दुसऱ्या हातात तोंडाला कापड बांधलेली पितळी कळशी. ती तिच्या घरच्या पाण्यानं भरलेली.

कळशीचं कारण सांगायला हवं. आमच्या भागात लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या सासरचं पाणीही पीत नाही. नातवाचं तोंड पाहिलं की मग पहिला घोट. तोवर लेकीकडे यायचं तर आपलं पाणी घेऊन यायचं आणि ते संपायच्या आत परतायचं. म्हणजे लेक जेव्हा सगळ्यात जास्त अडलेली असते, नेमक्या त्याच महिन्यांत आईनं एका कळशीपुरतंच थांबायचं. हे ज्यानं ठरवलं त्याला दिवस गेले नसणार.

मामंजी ओसरीवर उभे राहिले. "या, ईनबाई." विहिणीला आमच्याकडे ईनबाई म्हणतात. "पाणी घ्या."

"नको जी. आनलं हाय."

"घ्या हो थोडं. आमच्या विहिरीचं गोड आहे."

"माहीत हाय जी. दगड वाचला."

ती पिणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मामंजींनी तिसऱ्यांदाही मोठ्या मनानं आग्रह केला. मग आई आत आली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदा तिनं घमेल्यात पाहिलं.

"रंग कसा हाय? हिरवा पडून राह्यला का?"

मी मान डोलावली.

"माह्यंबी असंच होतं तुह्या वख्ती. तुह्या आजीनं मले चमच्या चमच्यानं जगवली."

ती माझ्या उशाशी बसली आणि आपल्या कळशीतलं खारट पाणी चहाच्या चमच्यानं माझ्या ओठांत सोडू लागली. एक चमचा, मग थांबायचं. मी ओकले तर तोंड पुसायचं आणि पुन्हा एक चमचा. कुणी बोललं तर मान वर करायची नाही. स्वतः ती दुपारभर एक घोट प्यायली नाही, कारण कळशी एकच होती.

दोन दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, डॉक्टर आले तेव्हा कळशीच्या तळाशी ओंजळभर पाणी उरलं होतं. आणि मी, ओकत असले तरी, मधूनमधून चार चमचे पोटात ठेवत होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, सामानाची पेटी उघडायला घेतली, आणि सवयीनं पुन्हा विचारलं, "आईला वगैरे कुणाला नव्हता ना त्रास?"

"आमच्या घराण्यात," मामंजींनी सुरुवात केली.

"मले होता जी," आई आतून म्हणाली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती दाराच्या चौकटीशी आली होती. "तिनही लेकराईच्या वख्ती. माह्या मायलेबी होता. माह्या मोठ्या बहिनीले होता, ते बाई त दोन पोटात घेऊन ओकली."

डॉक्टरांनी मामंजींकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात कुणाला नाही."

"आमच्या घराण्यात नाहीच."

"अहो, ही यांची मुलगी ना?"

"होती. सप्तपदी झाली, डॉक्टर. गोत्र बदललं."

"गोत्र बदललं असेल," डॉक्टर म्हणाले, "पोट तेच आहे." मग ते पहिल्यांदा थेट आईशी बोलले. "तुमचं कधी थांबायचं?"

"पाचवा अर्धा सरला का थांबे. येका दिवशी सकाळी उठली अन मिरचीचा ठेचा मागतला. माह्या बहिनीचंबी तसंच."

डॉक्टर पेटीकडे पाहत राहिले. मला पाचवा लागायला अजून थोडे दिवस होते. शेवटी त्यांनी पेटी बंद केली. "थांबून पाहू. मी पाणी चढवून जातो, एक दिवसाआड येईन. मी काही वचन देत नाही. पण या बाईंनी जे चालवलं आहे ते रात्रंदिवस चाललं पाहिजे. यांना इथून हलू देऊ नका."

"पण त्यांचं पाणी," मामंजी म्हणाले, आणि थांबले. ओसरीवर सगळ्यांनी कळशीकडे पाहिलं.

आईनं कुणाकडे पाहिलं नाही. कळशीतलं उरलेलं पाणी तिनं वाटीत ओतून माझ्या उशाशी झाकून ठेवलं. मग ती सरळ स्वयंपाकघरात गेली, माठातून गडूभर पाणी घेतलं आणि उभ्यानं, घटाघट, सासूबाईंच्या डोळ्यांसमोर प्यायली. तोंडावरून ओघळलेलं पदरानं पुसलं.

"ईनबाई!" सासूबाई म्हणाल्या. "आवो, नातू व्हायचा हाय अजून."

"नातवाचं तोंड पायाले लेक त ठेवा," आई म्हणाली. "आनखी द्या. तहान लय हाय."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग टोपलीतली भाकर काढून तिच्या पुढ्यात ठेवली. त्या बाईनं आयुष्यात एकदाही ओकारी काढली नव्हती. पण तहान तिला कळत होती.

बाहेर मामंजींची पंचाईत झाली होती. उद्या गावात काय तोंड दाखवायचं? ते ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले आणि थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उजळला. निकाल सापडला होता. माठातलं पाणी कुठल्या विहिरीचं? कुंपणाबाहेरच्या. ती विहीर कुणासाठी? वाटसरूंसाठी, धर्मार्थ, तसं दगडावर कोरलंय. म्हणजे ते पाणी घराचं नव्हेच. ईनबाई रस्त्यानं आल्या, म्हणून वाटसरू. प्रकरण मिटलं. पुढचे आठ-पंधरा दिवस येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी दगड वाचून दाखवला आणि हा कायदा समजावला. कुणी विचारलं, "आणि भाकर?" तर ते पेपर उघडत.

पाचवा अर्धा सरल्यावर एका सकाळी मला भूक लागली. खाऱ्या पाण्याचा गुण म्हणावा, मिठाच्या सुईचा, की आईच्या चमच्याचा, मला ठाऊक नाही. की तो महिनाच तसा, हेही कळत नाही. चौघांपैकी एकाच्या नावानं देऊळ बांधायला मी तयार नाही. पोट मोकळं करण्याची पेटी तेवढी परत गेली. मुलगी झाली. एकच झाली. मामंजींना दोन नातवांचा हिशेब गावाला बरेच दिवस द्यावा लागला.

पदवी त्यांना मिळाली नाही. पदव्या देणारे साहेब एक दिवस बोटीत बसून आपल्या देशी गेले. त्यानंतरच्या वर्षी धाकट्या दिरांसाठी मेहकरकडे मुलगी पाहायला आम्ही गेलो. बाहेर बैठकीत पुरुष, आत आम्ही बायका. मुलगी समोर सुपारी ठेवून गेली. जमीन, हाड, कोड, क्षय, सगळे प्रश्न झाले, आणि मग मामंजींनी खाकरून, बेंचावर बसल्यासारखं ताठ होऊन विचारलं, "मुलीच्या मातोश्रींना गरोदरपणी ओकाऱ्या कशा होत होत्या?"

बैठकीत सुपारी चावण्याचे आवाज बंद झाले. मुलीचे वडील फेट्यापर्यंत लाल झाले.

"अहो, शास्त्र आहे हे," मामंजी म्हणाले. "आईकडून लेकीला येतं. आमच्या घरी सिद्ध झालंय. असला दोष आधीच पाहून घेतलेला बरा."

माझ्या शेजारी मुलीची आई बसली होती. तिनं माझा हात घट्ट धरला. "बाई, हिच्या वख्ती मी मरता मरता वाचली," ती कानाशी म्हणाली. "खरं सांगू का? सांगतलं त मोडन का हे?"

ज्या एका गोष्टीनं मी वाचले होते, ती आता मुली नाकारायच्या यादीत कोड आणि क्षयाच्या शेजारी जाऊन बसणार होती. मी उठून दाराशी गेले. भरल्या बैठकीत मामंजींशी मी आधी कधी बोलले नव्हते.

"मामंजी," मी म्हटलं, "हे लग्नाच्या आधी नाही विचारत."

"मग केव्हा?"

"दिवस गेले का. तेव्हा ईनबाईंना बोलवायचं, आधी पाणी द्यायचं, अन मग विचारायचं."

सासूबाई आतून मोठ्यानं म्हणाल्या, "खरं हाय."

"ठीक," मामंजी शेवटी म्हणाले. "पाण्याची अडचण नाही. विहीर धर्मार्थ आहे." आणि मुलीच्या वडिलांना त्यांनी दगडावरचा मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला.

लग्न झालं. पुढल्या वर्षी जाऊबाई तिसऱ्या महिन्यात राखेचं घमेलं घेऊन माजघरात पडल्या. तिसऱ्या दिवशी मेहकरच्या मोटारीतून त्यांची आई उतरली. हातात भाकरीचं फडकं होतं. कळशी नव्हती.